सुटलेले मन आणि नियम



डोळे मिटून बसले की मन अधिकच भटकते, तेव्हा ध्यान हा आपला प्रांत नव्हे, असा जो निष्कर्ष चिरंजीवाने कळवला आहे, तो घाईचा आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात चित्ताच्या क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध अशा पाच भूमी, म्हणजे अवस्था, सांगितल्या आहेत. त्यांपैकी क्षिप्त चित्त विषयांमागे अखंड धावत असते, मूढ चित्त सुस्तीत बुडालेले असते, तर विक्षिप्त चित्त मधूनच स्थिरावते आणि पुन्हा सुटते. मन सुटल्याचे ज्याच्या ध्यानात येते, तो या तिसऱ्या भूमीवर उभा आहे असे मानण्यास हरकत नाही. पुढच्या दोन भूमींची वाट येथूनच निघते.

शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात याविषयी जो उपाय आला आहे, तो चिरंजीवाने पुन्हा पुन्हा वाचावा. नियम, म्हणजे एकदा केलेला निश्चय न मोडणे, हा एवढा एकच जिवाभावाने धरावा. त्याने चित्त स्थिरावले तर काम झालेच, आणि न स्थिरावले तर त्याला खुशाल मोकळे सोडावे, कारण ते जेथे जाईल तेथून नियमच त्याला परत आणील, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मनाशी झटापट करून थकलेल्या साधकाला केवढा हा दिलासा! येथे सक्ती मनावर नाही, बैठकीवर आहे.

इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेच्या १० दिवसांच्या शिबिरातही आरंभीचे दिवस आनापानालाच, म्हणजे सहज चालणाऱ्या श्वासाकडे लक्ष देण्यालाच, दिलेले असतात. श्वास आत येताना नाकपुडीच्या कडेला लागणारा गारवा आणि बाहेर पडताना जाणवणारी ऊब एवढेच पाहावे, श्वास मुद्दाम लांबवू किंवा रोखू नये. आणि मध्येच परीक्षेचा निकाल, कोणाचे लागलेले बोलणे किंवा गुडघ्याला आलेल्या मुंग्या यांत मन गुंतलेले आढळले, तर स्वतःला दोष देण्यात वेळ न दवडता पुढचा श्वास धरावा.

बैठकीची वेळ मात्र ठरलेली असावी आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा. घरी पाहुणे आले किंवा प्रवास निघाला, तर अर्ध्या तासाऐवजी पाचच मिनिटे बसावे, पण त्या दिवशी बसणे चुकवू नये.