भित्रा कुत्रा आक्रमक का होतो?

दुसरा कुत्रा दिसताच गुरगुरणारा, साखळी ताणून अंगावर धावणारा कुत्रा शूर असतोच असे नाही. पुष्कळदा तो भ्यालेला असतो. साखळीमुळे पळून जाता येत नाही, म्हणून तो समोरच्यालाच पळवू पाहतो. जन्मानंतरच्या साधारण ३ ते १२ आठवड्यांच्या काळात ज्या पिल्लाला इतर कुत्र्यांचा सहवास लाभत नाही, त्याच्या मनात ही भीती सहज घर करते.

अशा कुत्र्याला मारले, तर दुसरा कुत्रा म्हणजे वेदना, हीच समजूत पक्की होते. गुरगुरणे थांबते, भीती मात्र उरते. मग तो पूर्वसूचना न देताच चावू शकतो.

अन्नापूर्वी ठरावीक संकेत वारंवार मिळाला, की पुढे केवळ त्या संकेतानेही कुत्र्याला लाळ सुटते, हे रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह (१८४९–१९३६) यांनी दाखवून दिले. भीती घालवण्यासाठी हेच तत्त्व उपयोगी पडते. दुसरा कुत्रा दिसेल, पण भीती वाटणार नाही, इतक्या अंतरावर थांबावे. तो दिसताच आवडता खाऊ द्यावा. दिसेनासा होताच थांबवावा. हे अंतर हळूहळू कमी करावे. ओठ चाटणे, शेपूट पायांत घेणे अशी चिन्हे दिसल्यास मागे सरावे.

याला अनेक आठवडे, कधी महिनेही लागतात. प्रत्येक कुत्रा इतरांशी खेळू लागेलच असे नाही. दुसऱ्याजवळून शांतपणे जाता येणे, हेही यशच होय.

पाठगत प्रश्न
१. शिक्षेमुळे कुत्र्याची आक्रमकता का वाढते?
२. 'घर करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.