कवंदीचे शिवणकाम : थर, टाका आणि मणी

जीर्ण वस्त्रांचे थर एकत्र शिवून पांघरूण तयार करण्याची कला आपल्याकडे घरोघरी होती. गोधडी, वाकळ, कौदी ही तिचीच नावे. या परिवारातील सिद्दी स्त्रियांची ‘कवंदी’ शिवणकामाच्या प्रत्येक विद्यार्थिनीने एकदा तरी उलटसुलट करून पाहावी, अशी आहे. आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत, तसेच बेळगाव जिल्ह्यातील खानापूर आणि धारवाड जिल्ह्याच्या काही भागांत राहतो. यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीज अमलात गुलाम म्हणून गोव्यात आणण्यात आले होते, आणि तेथून निसटून त्यांनी घाटावरील अरण्याचा आश्रय घेतला. त्यांच्या बोलीत कोंकणी-मराठीचा अंश आजही स्पष्ट ऐकू येतो. उत्तर कन्नडमधील सिद्दींचा समावेश 2003 साली अनुसूचित जमातींत झाला.

यंत्रावर रजई करताना वरचा पृष्ठभाग आधी जोडून पुरा करतात. त्याखाली कापूस व अस्तर घालून मग सर्व थर एकत्र शिवतात. कवंदीत ही दोन कामे वेगळी नसतात. जुनी सुती साडी जमिनीवर सपाट अंथरली, की तीच अस्तर होते. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने ठिगळे मांडत जावयाचे. प्रत्येक ठिगळाची उघडी कड आत दुमडावयाची आणि धावदोरा सर्व थरांतून आरपार न्यावयाचा. पहिला वेढा पूर्ण झाला, की त्याला समांतर दुसरा, त्याच्या आत तिसरा. असे वेढे घेत शिवण मध्याकडे सरकते आणि शेवटचे ठिगळ मध्यभागी बसते. ठिगळ जोडणारा टाकाच थरही बांधतो. कच्चा दोरा घालून थर आधी जखडण्याची गरज उरत नाही.

नवशिक्यांची अडचण बहुधा मध्यापाशी येते. हातशिलाईत कापड थोडे थोडे पुढे सरकत असते. शिवण कडेकडून आत येत असल्याने ही सगळी सैल अखेर मध्यात साठते. दोरा फार ओढला असेल, तर तेथे फुगवटा येतो. म्हणून दर दोन-तीन वेढ्यांनंतर काम पुन्हा जमिनीवर पसरून तळव्याने सपाट करावे, आणि अखेरचे ठिगळ मोजून न कापता उरलेल्या जागेवर ठेवून दुमडावे. शिवणीच्या ओळींमध्ये कापडावर हलक्या सुरकुत्या उमटतात. तो दोष मानू नये. पांघरुणाचा मऊपणा व पोत त्यांतूनच येतो. जुने आणि नवे कापड मिसळावयाचे असल्यास नवे आधी धुऊन घ्यावे. ते पुढे आटले किंवा त्याचा रंग सुटला, तर शेजारचे प्रत्येक ठिगळ बिघडते.

चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसविल्यावाचून कवंदी पुरी झाली, असे सिद्दी स्त्रिया मानत नाहीत. फुलांवाचून ती उघडी दिसते, असा त्यांचा समज आहे. उपयोगाच्या दृष्टीने फुलांची काही आवश्यकता नाही. तरीही घाईच्या कामात प्रथम गळतात ती हीच.

पांघरुणाला मणी लावू नयेत; ते अंगाला बोचतात व धुताना फुटतात. भिंतीवर लावावयाच्या कामात मात्र मण्यांना वाव आहे. तेथे एक नियम पाळावा : मण्याचे वजन वरच्या ठिगळावर न टाकता सर्व थरांवर टाकावे. बारीक सुईत मेण लावलेला दुहेरी दोरा घ्यावा, तो खालच्या अस्तरापर्यंत न्यावा आणि दर तीन-चार मण्यांनंतर उलटी टीप घालून पक्का करावा. काचेच्या मण्यांच्या छिद्राची कड धारदार असते व सुती दोऱ्याला हळूहळू कापते. तेथे नायलॉनचा दोरा बरा. लांब माळ बसविताना एका सुईने मणी ओवावेत, आणि दुसऱ्या सुईने मण्यांमधील दोऱ्यावर आडवे टाके घालून ती कापडाला बांधावी.

आधाराच्या थराचे महत्त्व पाहावयाचे, तर बडोद्याच्या मोत्यांच्या गालिच्याचे उदाहरण घ्यावे. महाराज खंडेराव गायकवाड यांनी 1865 च्या सुमारास तो करवून घेतला. सुमारे 15 लाख बसराई मोती, रंगीत काचमणी आणि सोन्यात जडविलेली रत्ने त्यावर आहेत. एवढा भार केवळ रेशमावर टाकलेला नाही. रेशमाबरोबर हरणाचे पातळ कातडेही आधाराला घेतले आहे. हा गालिचा 2009 साली दोहा येथील लिलावात सुमारे 54.5 लाख डॉलरना विकला गेला.

कवंदीच्या वाट्याला असे मोल येणे नाही, हे उघड आहे. पण तिची किंमत ठरविताना होणारी चूक टाळता येण्याजोगी आहे. कापड जुने, म्हणून वस्तू स्वस्त, असा हिशेब ग्राहक करतो आणि पुष्कळदा शिवणारीही तोच मान्य करते. वास्तविक कापडाचा खर्च येथे जवळजवळ नसतोच. जे आहे ते सारे हातांचे श्रम. यासाठी प्रशिक्षण वर्गांत प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या दिवसापासून वही ठेवावयास सांगावे आणि त्या त्या दिवशी किती वेढे झाले व त्यास किती तास लागले, ते तिच्याच हाताने लिहवून घ्यावे. फुलांना लागलेला वेळ वेगळा लिहावा.