घरातील इंटरनेट : तारेने की तारेविना?

बंगळुरूच्या माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या इतिहासात १९८५ हे वर्ष महत्त्वाचे मानले जाते. त्या वर्षी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने येथे आपले केंद्र सुरू केले आणि परदेशाशी संपर्क साधण्यासाठी उपग्रहाचा आधार घेतला. पुढे १९९१ मध्ये स्थापन झालेल्या ‘सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया’ या संस्थेने भूकेंद्रापासून कंपन्यांच्या कार्यालयांपर्यंतचे अंतर रेडिओ जोडणीने पार केले. रस्ते खोदून तार टाकण्यास लागणारा विलंब त्या काळी निर्यातदारांना परवडणारा नव्हता. मागणी वाढल्यावर मात्र मुख्य भार प्रकाशीय तंतूंच्या तारांनी उचलला. तार जुनी आणि लहरी आधुनिक, असा हा भेद नाही. प्रश्न खर्चाचा, वेळेचा आणि गर्दीचा आहे. घरासाठी राउटर निवडताना तोच प्रश्न लहान प्रमाणावर उभा राहतो.

दोन टप्प्यांतील फरक

विद्यार्थ्यांनी प्रथम दोन टप्पे वेगळे करावेत. पहिला टप्पा सेवा पुरवठादारापासून घरापर्यंतचा आणि दुसरा घरातील राउटरपासून संगणकापर्यंतचा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीत ‘वायरलेस’ हा शब्द मुख्यतः मोबाइल जोडण्यांसाठी, म्हणजे पहिल्या टप्प्यासाठी येतो. २०२४ मध्ये देशातील ९० कोटींहून अधिक ब्रॉडबँड ग्राहकांपैकी तारेची जोडणी असलेले चार कोटींच्या आसपास होते. घरातील वाय-फाय हा मात्र दुसऱ्या टप्प्याचा विषय आहे.

हा फरक न ओळखल्यास पैसा वाया जातो. २०२० च्या टाळेबंदीत प्रस्तुत लेखकाच्या घरी मुलीची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती आणि सरावाच्या वेळी तिचा आवाज वारंवार तुटत होता. अधिक वेगाची योजना घेऊनही फरक पडला नाही. अखेर राउटरपासून तिच्या टेबलापर्यंत पंधरा मीटर केबल ओढली आणि अडचण संपली. अडथळा दुसऱ्या टप्प्यात होता. खर्च मात्र आम्ही पहिल्यावर केला. साखळीचा वेग तिच्या सर्वांत मंद कडीवर ठरतो, हे तत्त्व नियोजनाप्रमाणे घरालाही लागू पडते.

तार : खासगी वस्तू

इथरनेट केबलमधून जाणारा संदेश केवळ त्याच उपकरणाचा असतो. शेजाऱ्याच्या वापराचा तिच्यावर परिणाम होत नाही. साध्या दर्जाची केबलही १०० मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वेग देऊ शकते. तिचा खर्च एकदाच, पण आरंभीच करावा लागतो आणि तो नंतर वसूल होत नाही. अर्थशास्त्रात याला बुडीत खर्च म्हणतात. भाड्याच्या घरात अडचण अधिक असते. भिंतीतून केबल नेण्याचा खर्च भाडेकरूने करायचा आणि त्याचा लाभ घर सोडल्यावर मालकाकडे राहायचा, अशा स्थितीत कोणीच गुंतवणूक करत नाही. स्थलांतरितांच्या शहरात वाय-फायची सरशी होण्यामागे हेही एक कारण आहे.

लहरी : सामाईक संसाधन

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात वायुलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. मोबाइल कंपन्यांना वर्णपट, म्हणजेच स्पेक्ट्रम, लिलावात विकत घ्यावा लागतो. वाय-फायसाठी मात्र भारत सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवानामुक्त केला आणि २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ खुले केले. येथे प्रवेशास मज्जाव नाही. परंतु एकाच्या वापराने दुसऱ्याचा वाटा घटतो. हेच सामाईक संसाधनाचे लक्षण होय.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच मिळतात. बहुमजली इमारतीत तीस राउटर असतील, तर ते याच वाहिन्या वाटून घेतात. जो तो अधिक शक्तिशाली राउटर आणतो आणि सर्वांचाच अडथळा वाढतो. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेली सामाईक कुरणाची शोकांतिका ती हीच. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी मात्र वापरकर्ते स्वतः नियम ठरवून असे संसाधन टिकवू शकतात, हे दाखवून दिले; त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. इमारतीतील रहिवाशांनी वाहिन्या ठरवून वाटून घेणे, हे त्याचे घरगुती उदाहरण होईल.

सुरक्षितता : बाह्य परिणाम

जुलै २००८ मधील अहमदाबाद बॉम्बस्फोटांपूर्वी पाठविलेला ई-मेल नवी मुंबईतील एका असुरक्षित वाय-फाय जोडणीतून गेल्याचे तपासात आढळले. दूरसंचार विभागाने २००९ मध्ये वाय-फायच्या सुरक्षित वापराबाबत सेवा पुरवठादारांना सूचना दिल्या. परवलीचा शब्द न ठेवण्याची किंमत केवळ राउटरच्या मालकाला मोजावी लागत नाही; म्हणूनच येथे नियमन समर्थनीय ठरते.

निवड कशी करावी?

बाजारातील बहुतेक वाय-फाय राउटरना केबल जोडण्याची सोय असते. त्यामुळे दोहोंपैकी एकच निवडण्याची सक्ती नाही. जागेवरून न हलणारी उपकरणे, विशेषतः परीक्षेचा किंवा कामाचा संगणक, तारेने जोडावीत. हातातील उपकरणांना लहरी द्याव्यात. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवावा. जवळच्या उपकरणांसाठी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, भिंतींपलीकडे २.४ अधिक पोहोचतो. वीज खंडित होत असल्यास राउटरसोबत प्रकाशीय जोडणीच्या उपकरणालाही बॅटरीचा आधार द्यावा.

तारेची किंमत आपण एकदा आणि स्वतः मोजतो. लहरींची किंमत सर्व शेजारी मिळून रोज मोजतात. जे काम तारेने होऊ शकते ते तारेवर नेणारा ग्राहक स्वतःची सोय तर पाहतोच, शिवाय ज्यांच्यापाशी मोबाइलखेरीज दुसरे साधन नाही अशा शेजारच्या विद्यार्थ्यासाठी वाय-फायची जागाही मोकळी करतो.

सरावासाठी प्रश्न

१. खासगी वस्तू आणि सामाईक संसाधन यांतील भेद घरगुती इंटरनेटच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. वर्णपटाचा काही भाग लिलावाने देणे आणि काही भाग परवानामुक्त ठेवणे, या दोन धोरणांचे तौलनिक मूल्यमापन करा.