नमुना उत्तरालाही प्रश्न विचारा

दहावीची परीक्षा तोंडावर आली की घरोघरी गाईड आणि नमुना उत्तरांचे संच उघडले जातात. त्यात गैर काही नाही. उत्तर किती लांब असावे, आकृतीला नावे कशी द्यावीत, हे त्यांतून कळते. पण छापलेले सारेच बरोबर असते असे नाही. म्हणून जीवशास्त्राचे उत्तर पाठ करण्याआधी त्यालाच तीन प्रश्न विचारावेत, असे आम्हांला वाटते.

१) हे नेहमीच खरे आहे का?
'धमन्यांतून शुद्ध रक्त वाहते, शिरांतून अशुद्ध.' हे अनेकांना तोंडपाठ असते. मात्र फुप्फुस धमनीतून ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे जाते आणि फुप्फुस शिरांतून ऑक्सिजनयुक्त रक्त हृदयाकडे येते. खरी ओळख दिशेवरून होते. हृदयाकडून रक्त दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर.

२) असे का घडते?
'वनस्पती दिवसा प्रकाशसंश्लेषण करतात व रात्री श्वसन.' हे अर्धेच खरे आहे. श्वसन रात्रंदिवस चालूच असते. भर उन्हात प्रकाशसंश्लेषणाचा वेग जास्त असतो, त्यामुळे श्वसनातला कार्बन डायऑक्साइड पानातच वापरला जातो. म्हणून श्वसन थांबल्यासारखे भासते.

३) आकडा काय सांगतो?
'चार झाडांपैकी तीन उंच, एक बुटके' असे ३:१ चे स्पष्टीकरण काही जण लिहितात. मेंडेलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दुसऱ्या पिढीत ७८७ उंच आणि २७७ बुटकी झाडे नोंदवली आहेत, म्हणजे सुमारे २.८४:१. हे गुणोत्तर पुष्कळ झाडे मोजल्यावर जवळपास येते. कोणत्याही चार झाडांत ते दिसेलच असे नाही.

शंका आली की आधी पाठ्यपुस्तकातला परिच्छेद वाचा, मग शिक्षकांना विचारा. तपासल्याशिवाय उत्तर बदलू नका. 'फुप्फुस धमनीला धमनी का म्हणतात?' असा प्रश्न आला, तर केवळ पाठांतर करणाऱ्याची लेखणी अडते. समजून घेतलेल्याची चालते.

या आठवड्यात आपल्या संचातले एक तरी शंकास्पद उत्तर पेन्सिलीने अधोरेखित करून वर्गात आणा. आपण मिळून ते तपासू.