नाणेघाट चढताना: काय करावे, काय टाळावे

पावसाळ्यात उलटा धबधबा बघायला जुन्नरकडून गाड्या थेट पठारावर येतात. फोटो काढून झाले की माणसे परततात. तिथून काही पावलांवर सातवाहनांची गुहा आहे, तिच्यात डोकावतही नाहीत. हे मला मनापासून खटकते. चार मित्र जमत असतील तर या घाटाला त्याचा मान ठेवून भेटा.

काय करावे

कोकणातून चढावे. कल्याण-मुरबाड-माळशेज रस्त्यावर वैशाखऱ्याच्या पुढे पायवाट सुरू होते. दमादमाने तीन तास धरा. सोपारा, कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने जुन्नर, पैठणकडे जाई. ओझ्याच्या बैलांना हा चढ कसा वाटला असेल, ते स्वतःच्या पोटऱ्या भरून आल्या की कळते. गाडीने वर पोचणाऱ्याला घाटाचे फक्त शेवटचे टोक दिसते.

आदल्या रात्री गुहेतल्या लेखाचा अर्थ वाचावा. वा. वि. मिराशींचे सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचे पुस्तक जवळ असले तर उत्तम. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. गुहेच्या डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला हा लेख आहे. तो सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिचा मानतात. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची यादी त्यात आहे. हे आधी माहीत नसेल, तर समोर नुसती खरवडलेली भिंत दिसते.

आकडे शोधावेत. दानाच्या संख्या अंकांत कोरल्या आहेत. दहा, शंभर, हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. शून्य नाही, स्थानमूल्य नाही. आपल्या अंकांचे इतके जुने रूप सह्याद्रीच्या एका खिंडीत उघड्यावर आहे, याचा मला फार अभिमान वाटतो. बरोबर शाळकरी मुले असतील तर त्यांना इथे वेळ द्या. मग मागच्या भिंतीकडे वळा. तिथे राजघराण्यातल्या व्यक्तींच्या आकृती होत्या. आता वर कोरलेली नावे आणि खाली पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

रांजणापाशी दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. खिंडीच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी टाकत, असे सगळे सांगतात. भिंतीवरच्या लेखात आज वाचता येतात ते यज्ञ आणि दाने. जकातीची गोष्ट लोकांच्या तोंडी राहिली आहे. दोन्ही सांगा, पण कुठली कुठून आली तेही सांगा.

वर पठारावरच्या घाटघर गावात थांबावे. या भागात महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. जेवण हवे असेल तर आदल्या दिवशी निरोप द्या. ऐनवेळी सात-आठ जणांच्या भाकऱ्या थापायला लावू नका, आणि पैसे न विचारता चोख द्या. जेवताना मावशींना, म्हाताऱ्या बाबांना वाघबारशीबद्दल विचारा, वाघोबाच्या पूजेबद्दल विचारा. उन्हाळ्यात अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला दिसेल. त्याच्या विक्रीवर इथल्या कित्येक घरांचा वर्षाचा खर्च बेतलेला असतो. तो तुडवू नका.

काय टाळावे

अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांत खडू, रंग किंवा पाणी भरू नये. बोटेही फिरवू नयेत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात ती आपोआप उठून दिसतात.

गुहेत चूल पेटवू नये. धुराची काजळी लेखावर बसते आणि ती काढायला गेले की दगडाचा पापुद्राही जातो. मुक्कामाला गावात जागा विचारा.

दिसेल ते शिवकालीन म्हणू नये. गुहा शिवरायांच्या आधी सोळा-सतरा शतके कोरलेली आहे. महाराजांवर ज्याचे प्रेम आहे त्याने तर या भूमीचा काळ नीट लावायलाच हवा. तीच गोष्ट शेजारच्या जीवधन किल्ल्याची: निजामशाहीचा शेवटचा बालराजा मुर्तजा तिथे कैदेत होता आणि शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवले. मित्रांत ही गोष्ट रंगवून सांगण्यासारखी आहे.

स्पीकर आणू नये. उग्र वासाचे अत्तर लावून कड्याखाली जाऊ नये. आग्या मोहोळ उठले तर पळायला जागा नसते.

भातखाचरांच्या बांधांवरून रांग लावून चालू नये, बांध ढासळतो.

उलट्या धबधब्याच्या काठावर रेलून फोटो काढू नये. तिथला वारा एकाएकी पडतो आणि ओला कातळ शेवाळलेला असतो.

उतरायला उशीर करू नये. दुपारी तीनच्या आत खिंड सोडावी, वाट माहीत असलेल्याने सगळ्यांत मागे राहावे, आणि वैशाखऱ्याला परतीची एसटी किती वाजता मिळते ते सकाळीच विचारून ठेवावे.