पावसाळ्यानंतर जुनी चेन सॉ बाहेर काढताना

दसरा झाला, भातकापणी उरकत आली की कोकणात बागांकडे लक्ष जाते. पावसात मोडलेल्या काजूच्या फांद्या, वाळलेली सुरंगी-किंजळ, जुन्या हापूस कलमांची छाटणी, सगळी कामे एकदमच निघतात. माळ्यावर चार महिने पडून असलेली चेन सॉ खाली येते आणि नेमकी त्याच दिवशी रुसते. गडी बसून राहतात, दोरी ओढून खांदा भरून येतो आणि शेवटी मशीन मिस्त्रीकडे जाते. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळानंतर किंवा पुढच्या वर्षीच्या ‘तौक्ते’नंतर पडलेली झाडे तोडायला ज्यांनी मशीन घेतले, त्यांचे मशीन आता जुन्यात जमा आहे. पण अशा मशीनचे इंजिन सहसा शाबूत असते. खराब झालेले असते ते पेट्रोल आणि रबर.

आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि कोकणात पावसाळाभर ओलाव्याला काय तोटा! टाकीत राहिलेले मिश्रण नासते, कार्बोरेटरमधला पातळ डायफ्रॅम ताठरतो, जुनी रबरी नळी फुगते नाहीतर चिरते. म्हणून दोरीला हात लावण्याआधी टाकी पूर्ण रिकामी करा. वाकवलेल्या तारेने टाकीतला फिल्टर बाहेर ओढून बघा. काळा, चिकट झाला असेल तर सरळ बदला. नव्या पेट्रोलमध्ये चांगले टूटी ऑइल साधारणपणे लिटरला २० मिली घालतात, काही जुन्या मशीनना ४० मिली लागते. आपल्या मशीनचे प्रमाण माहितीपुस्तिकेत बघून घ्या, अंदाजाने ओतू नका. महिन्याभरात संपेल एवढेच मिश्रण करा.

चालू करताना बहुतेक जण एकच घोळ घालतात. चोक लावून ओढत राहतात. इंजिनाने एकदा ‘फट्’ केले की चोक अर्धा करायचा आणि मग ओढायचे. ते ‘फट्’ ऐकू आले नाही, तरीही ओढत राहिले, की पेट्रोल जास्त होऊन प्लग ओला होतो. तसे झाल्यास प्लग काढून पुसा, स्विच बंद ठेवून, चोक काढून दोरी पाच-सहा वेळा ओढा आणि प्लग परत बसवा. प्लगची फट अर्धा मिलिमीटर असावी. उलट, इतके ओढूनही प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही, म्हणजे दोष नळीत, फिल्टरमध्ये किंवा डायफ्रॅममध्ये आहे. एवढे बघून मिस्त्रीकडे गेलात तर निम्मे काम तुम्हीच केलेले असते.

मशीन हवेत धरून, खाली झटका देत दोरी ओढायची सवय गावोगाव दिसते. ती सोडा. मशीन जमिनीवर ठेवून, चेन ब्रेक लावून, मागच्या मुठीत उजव्या पायाचा चवडा घालून ओढावे.

चालू होते, पण दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडते, अशीही तक्रार असते. मशीन बंद करून थोडे थंड होऊ द्या आणि पेट्रोलचे झाकण हळूच उघडा. आत हवा ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला आणि त्यानंतर मशीन लगेच चालू झाले, तर टाकीचा हवेचा मार्ग भुशाने बुजला आहे. सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असेल तर तीही बघा. काजळीने बुजलेल्या जाळीमुळे मशीन जोर धरत नाही आणि दोष मात्र कार्बोरेटरवर जातो.

आता ऑइलगळतीकडे वळू. रात्री ठेवलेल्या मशीनखाली सकाळी ऑइलचा डाग दिसला की लोक घाबरतात. चेनचे ऑइल वापरून संपण्यासाठीच असते, ते फिरून टाकीत येत नाही. त्यामुळे काम संपल्यावर बारमधून थोडे टिपकणे चालायचेच. थारोळे साचत असेल तर मात्र शोध घ्या. बार आणि चेन काढा, पंपाभोवतीचा चिकट भुसा ब्रशने पूर्ण साफ करा, ऑइलची टाकी भरा आणि मशीन रात्रभर कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवा. सकाळी डाग कुठे पडला त्यावर सगळे कळते. झाकणाखाली असेल तर झाकणाची रबरी रिंग गेली. पंपाच्या बाजूला असेल तर टाकीतून पंपाकडे जाणारी नळी चिरली असण्याची शक्यता जास्त. दोन्ही वस्तू स्वस्त आहेत. डाग पातळ असून पेट्रोलचा वास येत असेल तर मशीन वापरू नका, आधी दुरुस्त करा.

माझ्या मते गळणाऱ्या मशीनपेक्षा बार कोरडा राहणारे मशीन जास्त नुकसान करते. काजूच्या चिकात भिजलेला भुसा बारच्या खाचेत आणि ऑइलच्या भोकात घट्ट बसतो. तो पातळ पत्र्याने आणि तारेने काढावा. मग मशीन चालू करून बारचे टोक वर्तमानपत्रावर, वीतभर अंतर ठेवून धरा आणि रेस द्या. कागदावर ऑइलच्या शिंतोड्यांची रेघ उमटली पाहिजे. गाडीचे जळके ऑइल बारमध्ये ओतू नका. त्यातले धातूचे कण पंप खातात, आणि ते ऑइल तुमच्या अंगावरही उडते.

खर्च करण्याआधी सायलेन्सर काढून आतला पिस्टन बॅटरीने बघा. गुळगुळीत असेल तर जुन्या मशीनवर पैसे घालायला हरकत नाही. उभे ओरखडे असतील तर सिलिंडर-पिस्टनचा भाव आणि नव्या मशीनची किंमत आधी शेजारी मांडा. चेन ब्रेक नसलेले किंवा ब्रेक न धरणारे आणि दुरुस्तही न होणारे मशीन एका झटक्यात चालू होत असले, तरी ते कोणाला विकू नका. भंगारात द्या.