उघड्या रानात कॅमेऱ्याला आधार

दुर्ग जिल्ह्यातील नंदिनी नगर ही वसाहत चुनखडकाच्या खाणींमुळे वसली. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 1959 साली पेटली. लोहखनिजातील गाळ वेगळा काढण्यास लागणारा चुनखडक नंदिनीहून येऊ लागला. जेथील खणणे संपले, तेथील काही खड्ड्यांत पाणी साचले व त्यावर पक्षी उतरू लागले. अशा पक्ष्याची जात निश्चित करावयाची, तर पंखावरील पट्टे मोजता येतील इतके स्पष्ट छायाचित्र हवे. पहाटेच्या मंद उजेडात कॅमेऱ्याची झडप काही काळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यात हात हलतो.

हा हेलकावा दोन प्रकारचा असतो. 20 सेंटिमीटर लांबीचा पक्षी 40 मीटरवर बसला आहे व भिंगाचे नाभ्यंतर 400 मिलिमीटर आहे, असे समजा. कॅमेऱ्यात त्याची प्रतिमा अवघी 2 मिलिमीटर पडेल. सबंध कॅमेरा 1 मिलिमीटर बाजूस सरकला, तर ती प्रतिमा फक्त 0.01 मिलिमीटर सरकते. परंतु कॅमेरा एका रेडियनच्या हजाराव्या भागाइतका वळला, तर ती 0.4 मिलिमीटर सरकते. म्हणजे पक्ष्याचा पाचवा हिस्सा पुसला गेला! यास्तव आधाराने कॅमेऱ्याचे वळणे थांबविले पाहिजे. नुसते वजन पेलणे पुरेसे नव्हे.

यावरून पुढील गोष्ट उघड होते. लांब भिंगाला एकाच ठिकाणी टेकू दिला, तर ते तराजूच्या दांडीप्रमाणे झुलते. सुट्या दगडांचा ठेंगणा ढीग रचून त्यावर कोरडी वाळू किंवा धान भरलेली पिशवी ठेवावी. पिशवी गच्च भरू नये. एकतृतीयांश रिकामी असली म्हणजे दाणे सरकून भिंगाखाली खोबण तयार होते. कॅमेऱ्याच्या पाठीमागील बाजूस दुसरी लहान पिशवी द्यावी. नंदिनीच्या परिसरात धानाची वाण नाही, आणि काम झाल्यावर ते घरी परत नेता येते.

दगड नसतील तेथे गळून पडलेली, बेचके असलेली फांदी उपयोगी पडते. जिवंत फांदी मात्र तोडू नये. अशी एकच काठी खालीवर होणारा हेलकावा रोखते, पण बाजूचा रोखत नाही. छायाचित्रकाराने आपले दोन पाय फाकवून उभे राहावे, म्हणजे काठीसह तीन टेकू होतात. त्याहून बरी ती बांबूची तिकटी. तीन बांबू काथ्याने आवळून खालची टोके फाकवली, की ती कसल्याही उंचसखल जमिनीवर डुगडुगत नाही. कारण कोणतेही तीन बिंदू एकाच प्रतलात असतात, चौथा त्यात बसेलच असे नाही. बांबू पोकळ असून ताठ असतो, परंतु फार लांब ठेवल्यास थरथरतो. म्हणून तिकटी कमरेपेक्षा उंच करू नये. मध्यभागी दगडांची पिशवी टांगावी व तिचा तळ जमिनीस किंचित टेकू द्यावा, नाहीतर तीच लंबकासारखी झुलेल.

इतके करूनही बोटाच्या दाबाने कॅमेरा हलतो. दोन सेकंदांनी आपोआप झडप उघडण्याची सोय वापरावी. पळसाच्या बुंध्याला टेकणेही चालते, मात्र वारा असेल तर बुंध्याच्या अगदी तळाशी. खाणीच्या कडेवर आधार मांडू नये. मोकळा झालेला खडक केव्हा ढासळेल याचा भरवसा नसतो. चालू खाणीत परवानगीवाचून जाऊ नये.

उन्हाळ्यात दहा वाजल्यानंतर तापलेल्या पांढुरक्या खडकावरची हवाच थरथरू लागते. त्या वेळी प्रतिमा फिसकटते ती हवेमुळे, आणि त्यावर कोणतीही तिकटी चालत नाही.